नवीन झाड, पण कोणासाठी नवीन?

संपादक महोदय,
बोर्निओ बेटावरच्या जंगलात नवीन पामचा 'शोध लावला' ही तुमच्याकडची बातमी वाचून त्या पामबद्दल लिहावंसं वाटलं. २०२३ मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी त्याची पिनांगा सबटेरानिया म्हणून रीतसर नोंद केली. आपल्या पोफळीच्या कुळातलंच झाड, पण फुलं आणि फळं चक्क मातीखाली! वरून बघाल तर नुसतं साधं पामचं रोपटं, त्यामुळे अभ्यासक शेजारून निघून जात असणार. मलेशियाचे शास्त्रज्ञ पॉल चाय यांच्या ते बोर्निओवरच्याच सारावाक राज्यात १९९७ लाच लक्षात आलं होतं, तरी शास्त्रीय नाव मिळायला पाव शतक गेलं. आणि गंमत म्हणजे तिथले लोक ती लाल फळं उकरून केव्हाचे खातायत, रानडुकरं पण खातात आणि बी पसरवतात (आमच्या कोकणात हीच मंडळी नुसती नासधूस करतात, असो). आता नमुना वाळवून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवणं, वर्णन छापणं हे सगळं हवंच, त्याशिवाय झाड वाचवायचं तरी कशाच्या आधारावर, पण बातमीत 'शोध लावला' लिहिताना ज्यांना ते आधीपासून माहीत होतं त्यांचा उल्लेख पहिल्या ओळीत यायला काय हरकत आहे? आणि प्लीज, अशा बातम्या कोपऱ्यातल्या चौकटीत टाकू नका.

- एक वाचक, चिपळूण