ऑइलचं ताक झालं, तरी आधी इंजिन खोलू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं मेकॅनिक होतो. बसच्या इंजिनात पाणी ऑइलमध्ये उतरलं की आमचा पहिला संशय लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) ओ-रिंगांवर, म्हणजे रबरी कड्यांवर, मग सिलिंडर आणि वरचं हेड यांच्यामधल्या हेड पॅकिंगवर, मग ऑइल कूलरवर. पण पाणी नेमकं कुठून येतंय हे दिसल्याशिवाय आमचे फोरमन पान्याला हात लावू देत नसत. दुचाकीच्या कामात ही शिस्त आज मला दिसत नाही आणि तिची किंमत नोकरीला नुकती लागलेली पोरं भरताहेत, म्हणून हे पत्र.

माझा पुतण्या चिपळूणहून रोज परशुराम घाट चढून लोट्याच्या एमआयडीसीत जातो. गाडी 200 सीसीची, रेडिएटरवाली, सेकंडहँड घेतलेली. गेल्या ऑगस्टमध्ये घाटात तापमानाचा दिवा लागला. वर्कशॉपमध्ये ऑइलचं झाकण उघडलं तर आत लोण्यासारखा पांढरट थर. तेवढ्यावर निकाल लागला : हेड पॅकिंग गेलं, इंजिन उतरवावं लागेल, 26 हजार धरून चाला. पोराचा पगार 18 हजार. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "नाना, आहे तशी विकून टाकू का?"

मी त्याला म्हटलं, चालू करू नकोस, टेम्पोत घालून घरी आण. ऑइलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव, मिसळलं की बेअरिंगला लागणारा ऑइलचा थर तुटतो, त्यामुळे "हळूहळू नेतो" म्हणून चालवलेले पाच किलोमीटरही महागात पडतात.

झाकणावरच्या थराने काहीच सिद्ध होत नाही. कोकणच्या पावसात बाजारापर्यंत तीन-चार किलोमीटर गाडी फिरवली की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली साचते आणि तिथल्या ऑइलचं ताक होतं. साध्या, हवेवर गार होणाऱ्या गाडीतही ते होतं आणि त्या गाडीत तर कूलंटच नसतं. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या चिपळुणात शेकडो गाड्या बुडाल्या, त्यांचंही ऑइल असंच दुधाळ निघालं होतं. ते वाशिष्ठीचं पाणी होतं. म्हणजे दुधाळ ऑइलमागे वाफ असेल, बाहेरचं पाणी असेल किंवा कूलंट. तिन्हींचे उपाय वेगळे.

रात्रभर गाडी सरळ उभी ठेवली. सकाळी ऑइलची पातळी पाहिली तर वरच्या खुणेच्याही वर, आणि इंजिनावरच्या काचेतून सगळंच ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत होतं. वाफेने एवढं होत नाही. खालचा ड्रेन बोल्ट अगदी सावकाश सैल केला. आधी दोन चमचे तांबूस पाणी आलं, मागून ऑइल. कूलंट ऑइलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. एक थेंब जुन्या पत्र्याच्या झाकणावर टाकून खालून तापवला, तर चर्र झालं. नुसतं ऑइल असं चरचरत नाही. मग रेडिएटरचं झाकण काढलं, इंजिन पूर्ण गार असतानाच. पातळी बोटभर खाली. जवळची साठवण टाकी मात्र अर्धी भरलेली होती. नुसती टाकी बघून "कूलंट ठीक आहे" म्हणणारे इथेच फसतात.

आता प्रश्न होता हेड पॅकिंगचा. ते फुटलं असतं तर बहुधा इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे आले असते, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला असता, प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला असता. प्लग खोलला तर कोरडा, बदामी. ऑइल बदलून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं, तेवढ्यात एकही बुडबुडा नाही. मग चारचाकीचं गॅरेज असलेल्या मित्राकडून दाबाचा हातपंप आणला, रेडिएटरच्या तोंडावर बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी, म्हणजे 1.1 बारपर्यंत हवा भरली. वीस मिनिटांत काटा खाली आला. बाहेर कुठेही थेंब नाही. म्हणजे गळती आतच.

उरली वॉटर बॉडी, म्हणजे वॉटर पंप. त्याच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, दोन सील असतात : कूलंटच्या बाजूला एक, ऑइलच्या बाजूला एक. दोघांच्या मध्ये बाहेर उघडणारं एक बारीक भोक असतं. कूलंटच्या बाजूचं सील थकलं की कूलंट त्या भोकातून बाहेर ठिबकतं आणि मालकाला सूचना मिळते. भोकाची जागा पाहिली आणि मला कळलं. आधीच्या कुणीतरी ठिबक थांबवण्यासाठी ते दोन रंगांची कणकेसारखी मळून लावायची लांबी भरून बुजवलं होतं! वाट बंद झालेल्या कूलंटने दुसरं सील ओलांडलं आणि ते थेट इंजिनातल्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलं. गळती थांबली नव्हती, बाहेरची आत गेली होती. पंप खोलल्यावर शाफ्टवर गंजाचे खड्डे आणि सील बसतं तिथे चर पडलेली दिसली. तांबूस रंगाचं कारणही तेच : कूलंट सोडून बरेच महिने नुसतं नळाचं पाणी भरलं होतं.

दोन्ही सील, शाफ्ट, ओ-रिंगा, कव्हरचं पॅकिंग, फिल्टर, कूलंट, आणि इंजिन धुण्यासाठी तीनदा घातलेलं ऑइल, सगळं मिळून चार हजारांच्या आत काम झालं. धुण्याचं ऑइल स्वस्तातलं घातलं. दर वेळी इंजिन दोन-तीन मिनिटं जागेवर चालवून ते गरम असतानाच सोडलं, तिसऱ्यांदा स्वच्छ आलं. क्लचच्या प्लेटा याच ऑइलमध्ये भिजतात, म्हणून त्याही काढून पुसून पाहिल्या. गाडी आजही घाट चढते आहे.

त्या वर्कशॉपातली मुलं लबाड होती असं मला वाटत नाही. त्यांना हातपंप कुणी दिला नाही आणि तो लावायला कुणी शिकवलं नाही. 2008 मध्ये आर15 आली, 2012 मध्ये ड्यूक 200 आणि पल्सर 200 एनएस, तेव्हापासून रेडिएटर गावागावातल्या दुचाकीवर आला. पण दुचाकीच्या गॅरेजात दाब तपासायचं साधन मला आजवर क्वचितच दिसलं. कंपन्यांनी आपल्या प्रत्येक सर्व्हिस सेंटरला ते बंधनकारक करावं आणि दाबाचा काटा ग्राहकाला दाखवल्याशिवाय हेड उतरवण्याचं अंदाजपत्रक देऊ नये. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांना पंपाचं ते भोक कशासाठी असतं हे हातात पंप देऊन शिकवावं.

वाचकांना एक विनंती. पावसाळ्यात पंपाखालचं भोक लाल मातीने भरतं, गाडी धुताना ते जुन्या टूथब्रशने घासून मोकळं ठेवा. तिथे ओल दिसली तर बुजवू नका, सील बदला. आणि निघालेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री ते चाटतात. आम्ही ते झाकणाच्या डब्यात भरून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवलं आहे.

आपला,
एसटीचा एक निवृत्त मेकॅनिक, चिपळूण