मुम्मोकडे जाण्याआधी

पुणे

चि. मीरास अनेक आशीर्वाद.

काल रात्री बाबांचा फोन आला होता. त्यांची आई, आपली मुम्मो आजी, नर्सकडे स्वीडिशमध्ये दूध मागते म्हणे, इंग्रजी बोललं की नुसती बघत राहते. तू कॅनडात थंडर बेला जाऊन तिच्या आठवणी रेकॉर्ड करणार, हेही त्यांच्याकडूनच कळलं. जरूर कर. फक्त परतीचा दिवस विचारू नकोस.

बाकी हवं ते विचार. 1944 च्या फेब्रुवारीत हेलसिंकीवर बाँब पडले तेव्हा ती सहाची होती. गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून आगगाडीत बसवलं, टोर्निओहून हापारांडा, तिथून पुढे स्वीडन. फिनलंडची सत्तर हजारांवर मुलं अशी परक्या घरी गेली, हजारो परतलीच नाहीत. त्या शेतावरच्या गाईंची नावंसुद्धा तिला पाठ होती. ती विचार, खुलेल. पण दोन वर्षांनी ती घरी आली तेव्हा फिनिश विसरलेली आणि तुझ्या पणजीला स्वीडिशचा गंध नाही. यापुढचं तिने कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांनी एकदा जेवताना विषय काढला, तर उठून घासलेलाच तवा पुन्हा घासत बसली. म्हणून म्हणते, त्या वाटेला जाऊ नकोस.

झालं माझं व्याख्यान सुरू! रागावू नकोस. शनिवारच्या शाळेत रडतरडत का होईना, फिनिश शिकलीस ती तूच. बाबांनाही तुझ्याइतकं येत नाही. मी तर पुल्लाच्या, त्या वेलदोड्याच्या गोड पावाच्या, पुढे गेले नाही. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याचे वेलदोडे नेले होते. तिने एक सोलला, दाणे बोटांत चुरडले, हुंगले आणि काही न बोलता खलबत्ता माझ्यापुढे सरकवला. भरडच हवेत, पीठ केलंस तर वास जातो, हे हातानेच दाखवलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

होइतो खानावळीचंही विचार. तिथल्या लांब टेबलांवर म्हातारे कॉफी पीत युद्धाचं, युद्धात रशियाकडे गेलेल्या कारेलियातल्या सुटलेल्या घरांचं बोलायचे आणि ही पॅनकेक उलटत सगळं ऐकायची. 1918 ची ती खानावळ 2021 च्या डिसेंबरात लेबर टेम्पल या फिनिश कामगारांच्या इमारतीसकट जळाली. ते म्हातारेही आता राहिले नाहीत. लिहून कुणी ठेवलं? तू तरी ठेव.

आणि तिने आपणहून तो दिवस सांगितला तर? तर मधे बोलू नकोस, हात धर. पण विचारू नकोस गं. ती त्या वयात जाऊन बसली आणि तिथेच अडकली तर बाबांना सोसणार नाही. मलाही नाही.

अण्णांचे टाके पुढच्या आठवड्यात निघतील, मग तिकीट बघते. वेलदोडे कुरियरने पाठवलेत, हिरवे आहेत, पांढरे मिळतात ते तिला चालत नाहीत. जोडाक्षरं अडली तर फोन कर, वाचून दाखवीन.

तुझी,
आई