मागवल्या १५५ ग्रॅमच्या, आल्या १७४ च्या : डिस्क गोल्फच्या डिस्कच्या वजनाबद्दल तक्रार

सातारा,
दि. १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ऑर्डरप्रमाणे वजनाच्या डिस्क न मिळाल्याबद्दल व बदलून मिळण्याबाबत

स. न. वि. वि.

दिवाळीच्या आधी, ९ ऑक्टोबरला, मी आपल्या संकेतस्थळावरून डिस्क गोल्फचे, म्हणजे डिस्क फेकत फेकत साखळ्यांच्या बास्केटमध्ये पाडायच्या खेळाचे, सहा संच मागवले. प्रत्येक संचात एक फेअरवे ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क), एक मिडरेंज (मधल्या अंतराची) आणि एक पटर (बास्केटजवळून टाकायची). एका संचाचे ४,२०० रुपये याप्रमाणे २५,२०० रुपये आगाऊ भरले. वजन निवडण्याचा रकाना आपल्याच संकेतस्थळावर होता. त्यात मी ड्रायव्हरसाठी १५० ते १५९ ग्रॅम आणि मिडरेंजसाठी १६० ते १६५ ग्रॅम निवडलं. पटरला वजनाची अट घातली नव्हती. पावतीवर हे सगळं छापलेलं आहे.

आलेल्या खोक्यात सहाही ड्रायव्हर १७२ ते १७५ ग्रॅमचे निघाले आणि मिडरेंज १७७-१७८ चे. डिस्कच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलेले आकडे वाचून खरं वाटेना, म्हणून ओळखीच्या सराफांकडे गेले आणि त्यांच्या काट्यावर अठराच्या अठरा डिस्क तोलून घेतल्या. आकडे बरोबर होते. चूक ऑर्डर भरण्यात झाली आहे.

यावर मी दोनदा फोन केला, एकदा ईमेल केली. उत्तर आलं ते असं : वजन थोडंफार कमी-जास्त होतंच, १७५ ग्रॅम हेच या खेळाचं प्रमाण वजन आहे, हलक्या डिस्क लहान मुलांसाठी असतात, मोठ्या माणसांनी जडच घ्यावी, ती लांब जाते. चूक कबूल करून डिस्क बदलून दिल्या असत्या तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण या गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्या ऐकून उद्या दुसरं कोणी चुकीचीच डिस्क घेईल. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी ६२ वर्षांची, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. माझी मुलगी फिनलंडमध्ये एस्पोला असते. तिच्याकडे तीन उन्हाळे राहिले, तेव्हा हा खेळ शिकले. तिथे बहुतेक कोर्स, म्हणजे या खेळाची मैदानं, सगळ्यांना मोकळे असतात, तिकीट नाही की सभासदत्व नाही. एस्पोतल्या ओइत्ताच्या कोर्सवर आजी-आजोबा, ऑफिसातून परस्पर आलेली माणसं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सगळे एकामागून एक खेळत जातात. साताऱ्याला परतल्यावर मी आमच्या पहाटे फिरायला जाणाऱ्या बायकांना हे शिकवलं. साखळ्यांची बास्केट आमच्याकडे एकच आहे, बाकीची 'होल' म्हणजे मैदानाच्या कडेची झाडं आणि व्हॉलीबॉलचे खांब. त्यात कमीपणा काही नाही. बास्केट येण्याआधी अमेरिकेतही लोक झाडं आणि खांब नेमूनच खेळत होते. आम्ही सहा जणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. एकीचा खांदा दीड वर्ष आखडलेला होता, आता कुठे डॉक्टरांनी हलक्या हालचालीला परवानगी दिली आहे. आमच्यापैकी बहुतेकींचा हात हळू आहे. म्हणूनच वजनाचा रकाना मी इतक्या विचाराने भरला होता.

आता आपल्या उत्तराकडे येते. १७५ ग्रॅम हे 'प्रमाण वजन' नाही, ती वरची मर्यादा आहे. डिस्क गोल्फचे नियम पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना ठरवते. तिच्या नियमाप्रमाणे डिस्कचं वजन तिच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि कितीही मोठी डिस्क झाली तरी २०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये. बहुतेक ड्रायव्हरचा व्यास २१ सेंटिमीटरच्या थोडा वर असतो. २१.१ ला ८.३ ने गुणलं की १७५ येतात. आपला आकडा तिथून आला असावा. कमीत कमी किती वजन हवं, अशी अट नियमात नाही. १५० ग्रॅमची डिस्क घेऊन कोणीही मोठं माणूस स्पर्धेत उतरू शकतं.

आणखीही एक घोटाळा झाला असेल अशी मला शंका आहे. आपल्या शहरांतून अल्टिमेट, म्हणजे दोन संघांनी डिस्क फेकत-झेलत खेळायचा खेळ, खेळणारी बरीच मुलं-मुली आहेत, आणि आपणही ते सामान विकता. अल्टिमेटची डिस्क खरोखरच १७५ ग्रॅमची असते. पण ती सुमारे २७ सेंटिमीटर रुंद आणि जाड कडेची, झेलण्यासाठी केलेली. गोल्फची डिस्क लहान, धारदार कडेची, हवा कापत जाणारी. तेवढंच वजन इतक्या लहान डिस्कमध्ये आलं की तिला उडायला कितीतरी जास्त वेग लागतो. दोन्ही खेळांचा आकडा एक असला तरी त्याचा अर्थ एक नाही. कृपया फोनवरच्या मुलांना हे सांगावं.

'जड डिस्क लांब जाते' हे ज्याचा हात वेगवान आहे त्याच्याबाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे. वाऱ्यात ती कमी डगमगते आणि वेग धरून ठेवते. पण हवा डिस्कला वर उचलते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग निम्मा झाला की उचल चौथाई होते. वजन मात्र तेवढंच राहतं. चांगले व्यावसायिक खेळाडू ताशी १०० किलोमीटरच्या वर वेगाने डिस्क सोडतात. आमच्यासारखीचा हात त्याच्या अर्ध्याच्या जरा वर. मग जी डिस्क त्यांच्या हातून तरंगते, ती आमच्या हातून बुडते.

यात वळणाचाही प्रश्न आहे. उजव्या हाताने बॅकहँड फेकलं तर पुरेशा वेगात डिस्क आधी थोडी उजवीकडे झुकते आणि शेवटी वेग ओसरल्यावर डावीकडे पडते. पहिल्या झुकण्याला टर्न म्हणतात, शेवटच्या पडण्याला फेड. हात हळू असला की टर्न येतच नाही, नुसती फेड उरते : डिस्क हातातून सुटते आणि डावीकडे जाऊन आपटते. एकाच साच्यातली डिस्क जितकी जड, तितका तिला टर्न यायला वेग जास्त लागतो. हलकी डिस्क कमी वेगातही वळते, सरळ राहते, थोडी तरंगते. म्हणून हळू हाताला हलकी. पोरांना ती देतात कारण त्यांचा हात हळू असतो. वयाचा तेवढाच संबंध.

हे मी मैदानावर करूनही पाहिलं. आपण पाठवलेला ड्रायव्हर म्हणजे इनोव्हा या कंपनीची लेपर्ड. तिच्या उडण्याचे चार आकडे : स्पीड (लागणारा वेग) ६, ग्लाइड (तरंगणं) ५, टर्न उणे २, फेड १. डिस्क उत्तम आहे, मी स्वतः शिकले ती हिच्यावरच. बनवणाऱ्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. भाऊबीजेला मुलगी आली तेव्हा तिने त्याच प्लास्टिकची नवी कोरी १५५ ग्रॅमची लेपर्ड आणली. (माझी जुनी मुद्दाम वापरली नाही. झिजलेली डिस्क जास्त वळते, मग तुलना खोटी ठरली असती.) वारा पडलेला असताना एका सकाळी आलटून पालटून प्रत्येकीने दोन्ही डिस्क दहा-दहा वेळा फेकल्या. अंतर टेपने मोजलं. माझी सरासरी १७४ ग्रॅमला ३८ मीटर आली, १५५ ग्रॅमला ४६ मीटर. आखडलेल्या खांद्याच्या वहिनींची २४ वरून ३१ वर गेली. चौघींचा फरक असा स्पष्ट होता. पाचवीचा अगदी थोडा. सहावी पूर्वी थ्रोबॉलची जिल्हा पातळीवरची खेळाडू, तिची मात्र जड डिस्कच दोन मीटर लांब गेली. तिच्यासाठीची डिस्क मी परत करणार नाही, तिला ती हवी आहे.

१९ ग्रॅम म्हणजे फार नाही, असं आपल्या प्रतिनिधीने म्हटलं. १५५ मध्ये १९ म्हणजे बारा टक्के. साठीच्या बाईच्या खांद्याला एका सकाळी पन्नास-साठ वेळा तो फरक झेलायचा असतो.

मला सर्वांत जास्त लागलं ते पुढचं. आपली डिस्क आली त्या पहिल्या आठवड्यात वहिनींची डिस्क रोज पंचवीस पावलांवर डावीकडे पडत होती. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "माझ्याच हातात आता जोर राहिला नाही, तुम्ही खेळा, मी बाकावर बसते." दीड वर्षाने ज्या बाईने हात खांद्याच्या वर नेला, ती एका चुकीच्या वजनामुळे बाकावर जाऊन बसली. हळू हाताच्या माणसाला चुकीची डिस्क दिली की तो डिस्कला दोष देत नाही, स्वतःला देतो. आपल्या दुकानातून किती जणांनी अशी डिस्क नेली असेल आणि खेळ सोडून दिला असेल, हा विचार मनातून जात नाही.

दुसऱ्या फोननंतर आपण तडजोड म्हणून जे सुचवलं, त्याबद्दलही लिहायला हवं. '१६० ग्रॅमचे ड्रायव्हर आहेत, पण ते स्पीड १२ चे, ते पाठवतो,' असं सांगण्यात आलं. स्पीड १२ म्हणजे डिस्क आपोआप वेगात जाईल असं नव्हे. ती नीट उडावी म्हणून फेकणाऱ्याने किती वेग द्यावा लागेल, ते तो आकडा सांगतो. शिवाय त्या डिस्कची फेड ३, आणि कड इतकी रुंद की लहान पंजाच्या बाईला नीट पकडता येत नाही. वजन कमी केलं तरी ती आमच्या हातून डावीकडेच पडणार. हळू हाताला आधी स्पीड ६ ते ८, ग्लाइड ५ किंवा त्याहून वर, टर्न उणे २ किंवा उणे ३, फेड जेमतेम १ असं पाहायचं, आणि मग त्या डिस्कमध्ये वजन उतरवायचं. लॅटिट्यूड ६४ या कंपनीची डायमंड अशाच खेळाडूंसाठी हलक्या वजनात काढलेली आहे. ती किंवा हलकी लेपर्ड, दोन्ही मला चालतील. स्पीड १२ ची कुठल्याही वजनात नको.

पटरबद्दल मात्र तक्रार नाही, हे मुद्दाम नोंदवते. ते १७० च्या आसपास आहेत आणि तसेच बरे आहेत. सात-आठ मीटरवरून टाकायच्या डिस्कला वेग लागत नाही, आणि थोडं वजन असलं की ती वाऱ्याने हलत नाही. आमच्या मैदानावर अजिंक्यताऱ्याच्या बाजूने वारा सुटला की १५० ची डिस्क पानासारखी उडते, हेही मला माहीत आहे. म्हणून १५० च्या खाली मी मागितलंच नव्हतं. हलकी म्हणजे कितीही हलकी असा माझा हट्ट नाही. जे मागितलं ते विचार करून मागितलं होतं, एवढंच.

एस्पोच्या दुकानात प्रत्येक डिस्कवर वजनाची चिकटपट्टी असायची. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या मुलाने किंमत सांगायच्या आधी विचारलं होतं, "तुमची डिस्क साधारण किती मीटर जाते?" मी म्हटलं, तीस. त्याने भिंतीवरच्या अर्ध्याहून जास्त डिस्क बाजूला केल्या आणि चार पुढे ठेवल्या. हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. आपल्या फोनवरच्या मुलांनीही तो विचारावा, ही माझी मनापासून विनंती आहे.

माझी मागणी अशी. पाच लेपर्ड आणि पाच मिडरेंज आपल्या खर्चाने परत न्यावेत आणि पावतीवर छापलेल्या वजनाच्या पाठवाव्यात. त्या वजनाच्या आपल्याकडे नसतील तर तसं स्पष्ट लिहून त्या दहा डिस्कचे पैसे परत करावेत. संकेतस्थळावर प्रत्येक डिस्कचं प्रत्यक्ष वजन लिहावं. ते जमत नसेल तर निवडीचा रकाना काढून टाकावा, पाळायचं नाही ते विचारू नये. आणि 'हलक्या डिस्क : लहान मुलांसाठी' हे शीर्षक बदलावं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं, आणि जाहिरातीत दिलेल्या किंवा ठरलेल्या गुणधर्मांचा माल नसेल तर तो परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला माहीत आहे. तिथवर जायची माझी इच्छा नाही. आपल्या राज्यात या खेळाचं सामान मागवणारे फार थोडे आहेत, आणि आपण मराठीत लिहिलेल्या पत्राला मराठीत उत्तर देता याचं मला अप्रूप वाटतं. आपलं दुकान चालावं असंच वाटतं.

दहाही डिस्क पुसून, मूळ खोक्यात भरून तयार ठेवल्या आहेत. आपला माणूस सकाळी दहानंतर कधीही आला तरी मी घरी असते. वहिनी सध्या माझी १५५ ची वापरत आहेत, त्यामुळे मी नव्यांची वाट पाहते आहे. शक्य तितक्या लवकर पाठवाव्यात.

कळावे,

आपली,
(सही)

सोबत : पावतीची प्रत, अठरा डिस्कच्या वजनांची यादी, सहा जणींच्या फेकींच्या अंतरांचा तक्ता, आपल्या ईमेलची प्रत.