नावाबरोबर पावसाळी शिस्तही टिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकण रेल्वे महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्यास महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये संमती दिली आणि ती देताना ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम ठेवण्याचा आग्रह धरला. हा आग्रह आम्हा कोकणवासीयांना मनापासून पटला; परंतु ज्या मूल्यांमुळे या नावाला किंमत आली, त्यांच्याविषयी या चर्चेत फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि रोहा ते मंगळुरूजवळील ठोकूर हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे जवळपास दोन हजार पूल बांधून, जानेवारी 1998 मध्ये संपूर्ण खुला झाला. महामंडळाचे पहिले प्रमुख ई. श्रीधरन यांची, मुदतीला उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे सर्वश्रुत आहेत. वेळेची ती निष्ठा मार्ग उभारताना कामी आली. तो चालवताना मात्र वेळेच्याही वर सुरक्षितता ठेवावी लागते, आणि हे शिकण्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे विशेष गाडीला अपघात होऊन पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. त्यानंतर डोंगरकापणीचे उतार कमी करण्यात आले, दगड अडवणाऱ्या जाळ्या बसवण्यात आल्या. आणि आजही पावसाळी वेळापत्रकात गाड्या मुद्दाम हळू चालवल्या जातात, मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले की वेग ताशी 40 किलोमीटरवर आणण्याच्या सूचना चालकांना असतात.

गेल्या आषाढात कोकणकन्येने गावी येत होतो. पहाटे संगमेश्वरच्या अलीकडे गाडीचा वेग अगदी मंदावला, तेव्हा खिडकीतून रुळांच्या कडेला उभा असलेला गस्तीचा ट्रॅकमन दिसला. अंगावर रेनकोट, हातात बत्ती, पाठीवरच्या पिशवीत बहुधा धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. पायाखालून लाल पाणी वाहत होते आणि त्याची नजर गाडीकडे नव्हती, वरच्या दरडीकडे होती. डब्यातले आम्ही सारे पुन्हा झोपलो, ते त्याच्या भरवशावर. कंपनीची मूल्ये कार्यालयाच्या भिंतीवर कितीही सुंदर अक्षरांत लिहिली, तरी प्रवाशाला ती कळतात ती अशा माणसाकडून.

विलीनीकरणाची गरज मी नाकारत नाही. कर्जाचा भार मोठा आहे आणि रोहा ते वीर हा टप्पा वगळता मार्ग अद्याप एकेरीच आहे. दुपदरीकरणासाठी लागणारा पैसा केंद्राकडूनच येऊ शकेल. काळजी वाटते ती एवढीच, की अवाढव्य यंत्रणेत गेल्यावर वक्तशीरपणाच्या आकड्यांसाठी पावसातला वेग वाढवण्याचा मोह होईल, किंवा खर्च वाचवण्यासाठी गस्तीची माणसे कमी केली जातील. तेव्हा अंतिम करार करताना राज्य शासनाने नावाच्या अटीबरोबर आणखी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: स्वतंत्र पावसाळी वेळापत्रक, गस्तीवरील मनुष्यबळात कपात न करण्याची हमी, आणि पावसाळ्यात गाड्या रोखण्याचा अंतिम अधिकार याच मार्गावरील अधिकाऱ्यांकडे.

आपला,
कोकण रेल्वेचा एक नियमित प्रवासी, रत्नागिरी