पाळीव अजगराला दडायला जागा हवीच

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विदेशी सरपटणारे प्राणी घरात पाळणाऱ्यांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. सोबतच्या छायाचित्रात दिवाणखान्यातील टीव्हीशेजारी चारही बाजूंनी पारदर्शक अशी काचेची पेटी आहे. तिच्यात तळाला कागद, पाण्याचे एक भांडे आणि वर पांढरा दिवा याखेरीज काही दिसत नाही, आणि कोपऱ्यात बॉल पायथन (अजगराची एक लहान विदेशी जात) वेटोळे घालून बसला आहे. मजकुरात त्याचे वर्णन तासन्‌तास एका जागी बसून राहणारा शांत प्राणी असे केले आहे. लपण्याची जागा ही निव्वळ सजावट असून तिच्यामुळे साप उलट बुजरा होतो, असे एका पाळणाऱ्याचे मतही लेखात आले आहे. हे मत अनेक हौशी लोकांकडून ऐकू येते, आणि ते चुकीचे असल्यामुळे त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी कायद्याविषयी थोडक्यात. आपल्या रानातला अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तो घरात ठेवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे त्याच्या पेटीत काय असावे हा प्रश्नच उद्भवत नाही. बॉल पायथन हा आफ्रिकेतला. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो येतो, आणि आपल्या वन्यजीव कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करणे आपल्याकडे बंधनकारक झाले आहे. बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या प्रवाशांच्या सामानात हे साप सापडल्याच्या बातम्या आपणही छापल्या आहेत. लेखात नोंदणीचा उल्लेखही नव्हता, तो असायला हवा होता. परंतु रीतसर नोंदवलेला प्राणीसुद्धा उघड्या काचेच्या पेटीत हाल सोसू शकतो, आणि या पत्राचा विषय तो आहे.

बॉल पायथन सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ आणि विरळ झाडीच्या प्रदेशात राहतो. दिवस तो उंदरांच्या बिळात किंवा वारुळात काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. मादी अंडीही बिळातच घालते आणि ती फुटेपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. जगभरातील पाळीव प्राण्यांच्या बाजारात घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून हे साप मोठ्या संख्येने गेले. ते पकडणारे गावकरी त्यांना शोधायला कोठे जातात, हे पाहिले तरी पुरे: ते बिळे खणतात. गाभण माद्या आणि अंडी बिळातून काढून आणायची, पिल्ले उबवायची आणि परदेशी पाठवायची, असा हा धंदा आहे. जो प्राणी मिळवण्यासाठी जमीन खणावी लागते, त्याला दडायला जागा लागते की नाही, यावर वाद व्हावा याचे मला नवल वाटते. आपल्याकडे सापाचे घर कोणते असे विचारले, तर लहान मूलही वारूळ म्हणून सांगते.

बिळाची ही ओढ केवळ लहान आणि भित्र्या जातीपुरती आहे, असेही नाही. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील आपले भारतीय अजगर कित्येक मीटर लांबीचे असतात आणि पूर्ण वाढलेल्या अजगराला तेथे फारसे शत्रूही नाहीत, तरीही ते साळिंदराच्या बिळांत राहतात, कित्येकदा साळिंदरासह. हिवाळ्यात ते ऊन घेण्यासाठी बाहेर येतात आणि बहुधा बिळाच्या तोंडाशीच पसरतात. चाहूल लागली की आत सरकतात. ऊब आणि आडोसा या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या हाताशी असतील अशी जागा अजगर निवडतो, आणि पेटीची रचना करताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

साप आपल्या शरीराचे तापमान आतून राखू शकत नाही, त्यासाठी त्याला उबदार आणि थंड जागांमध्ये ये-जा करावी लागते. म्हणून बॉल पायथनच्या पेटीचे एक टोक सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५ ते २७ अंशांच्या आसपास ठेवतात. आता अशा पेटीत लपण्याची जागा एकच असेल आणि ती थंड टोकाला असेल, तर भक्ष्य पचवण्यासाठी ऊब हवी असतानाही साप सुरक्षिततेपोटी थंडीत बसून राहतो. ती उबदार टोकाला असेल, तर नको इतके तापूनही तेथून हलत नाही. यासाठी आडोसे किमान दोन हवेत, दोन्ही टोकांना एकेक आणि शक्यतो सारखेच, म्हणजे सापाला निवड फक्त तापमानाची करावी लागेल. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा थंड टोकाचा आडोसा ही चैन राहत नाही. हिवाळ्यात आपली हवा कोरडी होते आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच राहतो. त्यासाठी ओलसर शेवाळ घातलेला तिसरा आडोसा कात टाकण्याच्या दिवसांत ठेवला, तर बहुतेक वेळा पुढचा त्रास टळतो.

बुजरेपणाच्या आक्षेपाकडे वळतो. घाबरलेला बॉल पायथन अंगाचा घट्ट गोळा करून डोके मधोमध लपवतो. पळत नाही, सहसा चावतही नाही. त्यामुळे भीतीने आखडलेला साप आणि निवांत बसलेला साप नवख्या माणसाला सारखेच दिसतात. सापाला पापण्या नसतात, म्हणजे डोळे मिटून प्रकाश टाळण्याची सोयही त्याला नाही. जमिनीतून येणारी कंपने त्याला जाणवतात, आणि छायाचित्रातील पेटी तर टीव्हीला खेटूनच होती. असा साप दिवसा हलत नाही म्हणून शांत ठरवायचा, पण रात्री तोच काचेवर नाक घासत कडेकडेने फिरत राहतो आणि नाकाचे खवले सोलवटून घेतो, हे मात्र पाहायचे नाही, असा प्रकार होतो. महिनोन्‌महिने भक्ष्य नाकारणे ही तर या जातीबाबतची नेहमीची तक्रार. तिची कारणे अनेक असतात, हे खरे. परंतु तज्ज्ञ सर्वांत आधी तापमान आणि लपण्याची जागा या दोनच गोष्टी विचारतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच प्रश्न सुटतो. दबा धरून शिकार करणाऱ्या प्राण्याला दबा धरायलाच जागा नसेल, तर त्याने खावे तरी कसे? ज्याला केव्हाही आत शिरता येते, तो साप संध्याकाळी आपणहून बाहेर येतो, पेटीभर हिंडतो. मालकाला तो दिवसा कमी दिसतो एवढेच, आणि माझ्या मते बुजरेपणाच्या आक्षेपामागचे खरे दुःख हेच आहे.

‘आमचा साप अशाच पेटीत पाच वर्षे जगला आहे’ हा युक्तिवादही लेखात होता. बॉल पायथन पाळीव अवस्थेत वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील एका मादीने २०२०मध्ये, वयाची साठी उलटून गेल्यावर अंडी घातली होती. एवढ्या चिवट प्राण्याचे जिवंत राहणे हा त्याच्या सुखाचा पुरावा कसा होईल? उलट, आयुष्य एवढे लांब असल्यामुळे त्याचे हालही तितकेच लांबतात.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. पिल्लांची पैदास करणारे लोक साप अपारदर्शक प्लास्टिकच्या खणांत, कपाटासारख्या मांडणीत ठेवतात आणि म्हणतात की आमचा संपूर्ण खणच अंधारा आहे, मग वेगळा आडोसा कशाला? उघड्या काचेच्या पेटीपेक्षा असा खण सापाला कमी भेदरवतो, हे मला मान्य आहे. पण बिळात राहणारा प्राणी बिळातून बाहेरही पडतो. नायजेरियात झालेल्या अभ्यासात या जातीचे नर झाडांवर बऱ्यापैकी चढतात आणि लहान वयाचे साप मुख्यतः पक्षी खातात, असे आढळले आहे. म्युनिकच्या विद्यापीठातील संशोधकांनी ३५ बॉल पायथनांचे खणांत आणि सजवलेल्या टेरेरियममध्ये (अशा प्राण्यांसाठीच्या काचपेटीत) असे दोन्हीकडे चित्रीकरण करून केलेला अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. चढणे, उबेला पसरणे, माती उकरणे अशा स्वाभाविक हालचालींना खणात वावच नव्हता. आडोसा म्हणजे जेथे जाता येते आणि जेथून निघता येते अशी जागा. ज्यातून निघताच येत नाही, त्याला आडोसा म्हणणे मला पटत नाही.

खर्चाची सबब तर अजिबात टिकत नाही. उपडी ठेवून कडेला दार कोरलेली मातीची कुंडी, झाकणाला भोक पाडून कडा घासलेला काळा प्लास्टिकचा डबा, अगदी पिल्लासाठी नारळाची करवंटीसुद्धा चालते. आकार मात्र जपून निवडावा. वेटोळे घातल्यावर सापाचे अंग भिंतींना आणि छताला टेकले पाहिजे, प्रशस्त पोकळीत त्याला सुरक्षित वाटत नाही. म्हणून साप वाढेल तसा आडोसा बदलावा लागतो. दार एकच आणि लहान असावे. जड दगडांची गुहा सैल मातीवर रचू नये, कारण साप खालून उकरतो आणि दगड त्याच्या अंगावर बसतो. उबदार आडोशाखाली हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) असेल, तर तिला तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट हवाच. पोट भाजत असतानाही साप वेळेवर बाजूला होईल, याचा भरवसा नसतो. पेटी काचेची असल्यास तिच्या तीन बाजू बाहेरून काळ्या कागदाने झाकाव्यात. आडोसा दिला म्हणून सापाकडे बघणेच सोडून द्यावे, असा याचा अर्थ नाही. गोचिडी, अडकलेली कात, तोंडाजवळची सूज हे पाहण्यासाठी तो नियमितपणे तपासावाच लागतो.

प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा, १९६०मधील पिंजऱ्याविषयीचे कलम लांबी, रुंदी आणि उंची हालचालीला पुरेशी असावी असे सांगते. पिंजऱ्याच्या आत काय असावे, याबद्दल त्या कलमात शब्द नाही. त्यामुळे तूर्त हे काम पशुवैद्यकांवर, विक्रेत्यांवर आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांवर येऊन पडते. तेव्हा माझी विनंती एवढीच की, या विषयावर पुन्हा लेख प्रसिद्ध कराल तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाचे मत अवश्य घ्यावे आणि छायाचित्र निवडताना पेटीत दोन आडोसे आहेत ना, हे पाहावे. त्या छायाचित्रात साप कदाचित दिसणार नाही. तसे झाल्यास खाली तशी ओळ छापावी.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, पुणे