बॅग नाही आणणार!

प्रिय मेघा,

"ग्वातेमालात आहेसच तर ती रंगीबेरंगी पॅचवर्कची बॅग घेऊन ये गं" म्हणालीस, पण नाही आणणार. चिडू नकोस, आधी ऐक.

त्या बॅगा कापून शिवतात ना, ते बायकांचे वापरलेले उइपील असतात, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी माया समाजाच्या बायका अंगात घालतात तो ब्लाउज. दलाल पडत्या भावात उचलतात आणि कात्री चालवतात. इथल्या अँटिग्वा शहराजवळ सान अंतोनिओ आग्वास कालिएंतेस म्हणून गाव आहे, तिथे एका आजींना विणताना बघितलं तेव्हापासून त्या बॅगांकडे बघवत नाही मला. माग कसला, नुसत्या काठ्या! एक टोक खांबाला, दुसरं पट्ट्याने आजींच्या कमरेला, त्या मागे रेलल्या की ताणा ताठ, पुढे झुकल्या की सैल. नक्षी वरून भरत नाहीत, विणता विणताच बोटांनी रंगीत धागा ताण्यातून घालतात, आणि या गावची खासियत अशी की फूल दोन्हीकडून सारखंच. मी उलटंसुलटं करून बघत बसले तर आजी खो खो हसल्या. एका उइपीलला कित्येक महिने जातात गं.

आणि आपल्याकडे सेमी पैठणीने जे केलं तेच इथे प्रिंटेड उइपीलने चाललंय. म्हणून तर 2016 मध्ये विणकर बायका डिझाइनवर गावाचा सामूहिक हक्क मागायला थेट घटनात्मक कोर्टात गेल्या. मला हे भारी आवडलं.

पण मान मिळतो का? इथल्या 25 सेंताव्होच्या नाण्यावर सांतियागो आतित्लान गावची माया बाई आहे, डोक्याला लांब फीत गुंडाळलेली, आणि तरी 2002 मध्ये इर्मा आलिसिया वेलास्केस निमातुह या माया मानववंशशास्त्रज्ञ बाईंना पारंपरिक कपडे घातले म्हणून राजधानीतल्या एका बारने आत घेतलं नाही. टुरिझमच्या पोस्टरवर मात्र हेच कपडे! यादवी युद्धात तर कपड्यावरून गाव ओळखू येईल म्हणून जीव वाचवायला पळालेल्या कित्येकींनी आपल्या गावचा पोशाखच सोडला.

असो. अख्खा उइपील महाग पडेल, पण आजी टेबल रनरही विणतात, लाल किंवा निळा, कुठला ते कळव. घासाघीस करणार नाहीये हां, तुझ्याच पैशांनी उदार होणारे मी.

तुझी,
अश्विनी