"हार्मोन्स आहेत गं" एवढ्यावर गप्प बसू नकोस

प्रिय मेधा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या ओळीत गोड बातमी आणि पुढची दीड पानं नुसत्या तक्रारी, म्हणजे अगदी तूच! सकाळपासून मळमळ, जिना चढला की धाप, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त, दुपारी बसल्या जागी डोळे मिटतात. आणि कुणाला सांगायला जावं तर ठरलेलं उत्तर, "हार्मोन्स आहेत गं, होतं असं."

हे सगळं खरंच हार्मोन्समुळे होतं का, असं तू विचारलंयस. बहुतेक सगळं होतं. पण मला राग येतो तो त्या उत्तराचा. कुठला हार्मोन, किती दिवस चालणार, तपासायचा की नाही, हे पुढे कुणी बोलतच नाही. बाईला गप्प करायला तेवढं एक वाक्य पुरतं. मी डॉक्टर नाही, पण लॅबमध्ये रोज हेच रिपोर्ट हाताखालून जातात, तर मला कळतं तेवढं सांगते.

आधी बीज सुटण्याचा म्हणून सांगतात तो चौदावा दिवस. तुम्ही दोघं इतके महिने तो धरून बसला होतात ना? तुझी पाळी पस्तीस दिवसांची, मग चौदाव्या दिवशी काय मिळणार होतं! हिशोब उलटा करायचा असतो. पुढची पाळी येण्याच्या साधारण 14 दिवस आधी बीज सुटतं, म्हणजे तुझ्या बाबतीत एकविसाव्या दिवसाच्या आसपास. त्याआधी 24 ते 36 तास एलएच, म्हणजे बीज सोडायला लावणारा हार्मोन, एकदम वाढतो. बाजारातल्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या तोच पकडतात. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून बीज सुटायच्या आधीचे दिवस जास्त मोलाचे. आता तुला याचा उपयोग नाही, धाकटीला सांगून ठेव.

बीज सुटलं की फॉलिकलचं, म्हणजे बीज ज्या पिशवीत वाढतं तिचं, उरलेलं कवच प्रोजेस्टेरॉन हा गर्भ टिकवणारा हार्मोन बनवायला लागतं. गर्भ राहिला नाही तर ते दोनेक आठवड्यांत सुकतं आणि पाळी येते. राहिला, तर गर्भाभोवतीच्या पेशी एचसीजी नावाचा हार्मोन सोडतात आणि त्या कवचाला चालू ठेवतात. तुझ्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली ती याच एचसीजीची. आमच्या काउंटरवर बायका दोन रिपोर्ट शेजारी शेजारी धरून उभ्या असतात आणि विचारतात, "माझ्या बहिणीचा याच आठवड्यात दुप्पट होता, माझा एवढाच का?" असं ताडून बघण्यात काही अर्थ नसतो. एकाच आठवड्यात दोन निरोगी बायकांचे आकडे कितीतरी पटींनी वेगळे असू शकतात. सुरुवातीला डॉक्टर बघतात ते 48 तासांत आकडा कसा चढला ते, आणि पुढे सोनोग्राफीत ठोके दिसले की या आकड्याचं महत्त्वच संपतं. आठ ते अकरा आठवड्यांच्या दरम्यान तो कळसाला पोचतो आणि मग उतरतो. तोवर प्रोजेस्टेरॉनचं काम वारेने अंगावर घेतलेलं असतं.

मळमळीचं खापर वर्षानुवर्षं एचसीजीवर फोडलं गेलं, नाहीतर बाईच्या मनावर. 2023 मध्ये 'नेचर'मध्ये एक मोठं संशोधन आलं, त्यात जीडीएफ15 नावाचा हार्मोन पुढे आला. तो वारेतून आईच्या रक्तात येतो आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवतो. दिवस जाण्याआधी जिच्या रक्तात तो कमी असतो, तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला त्रास जास्त. तेव्हा "मन रमव, बरं वाटेल" म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष कर. मात्र घोटभर पाणीही पोटात राहत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर घरी थांबायचं नाही. त्यावर औषधं आहेत, सलाइन आहे.

धाप लागते ती प्रोजेस्टेरॉनमुळे. ते श्वास खोल घ्यायला लावतं. बद्धकोष्ठता आणि छातीतली जळजळही त्याचीच, कारण आतड्यांचे स्नायू सैलावतात. पण झोपल्यावरही दम लागला, छातीत दुखलं किंवा धडधड थांबेना, तर ते हार्मोन्सच्या खात्यावर टाकू नकोस. हिरड्या दाताच्या डॉक्टरांना दाखव, गरोदरपणात दाखवायला काहीच हरकत नाही.

आता तुझा थायरॉइड. त्याचं तू पत्रात एका ओळीत उरकलंयस, "गोळी चालू आहे" म्हणून. अगं, पण केवढी? पहिले तीनेक महिने बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारा थायरॉइडचा हार्मोन तुझ्याकडूनच जातो. तुझ्यासारख्या आधीपासून गोळी घेणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींना गरोदरपणात 25 ते 50 टक्के जास्त डोस लागतो, आणि तोही अगदी पहिल्या काही आठवड्यांपासून. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, या आठवड्यातच कर. नंतर साधारण वीस आठवड्यांपर्यंत दर चार आठवड्यांनी होतो. डोस डॉक्टरच ठरवतील, स्वतः गोळी अर्धी-दीड करू नकोस. अजून एक, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतलीस तर ती नीट शोषली जात नाही. थायरॉइडची अनशापोटी, बाकीच्या चार तासांनी. तिन्ही गोळ्या एकाच डबीत ठेवून एकाच घोटात घेणाऱ्या बायका मी बघितल्यात, आणि मग टीएसएच का उतरत नाही म्हणून पुन्हा पुन्हा रक्त देतात.

24 ते 28 आठवड्यांत साखरेची तपासणी येईल. काही ठिकाणी पहिल्याच भेटीत करतात. वारेतून येणारे हार्मोन्स तुझं इन्सुलिन बोथट करतात, बाळाला साखर पुरावी म्हणून. स्वादुपिंडाला ते भरून काढता आलं नाही की साखर वाढते. त्यात तू काही खाल्लंस-प्यायलीस म्हणून अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

कळांविषयी फार लिहीत नाही, ते तुझ्या डॉक्टर सांगतील. एवढंच, की कळा आणणारा ऑक्सिटोसिन घाबरल्यावर मागे हटू शकतो, कारण ॲड्रेनलिन आडवं येतं. म्हणून सोबत शांत माणूस निवड. आरडाओरडा करणारं प्रेमळ माणूस बाहेर बसू दे.

खरं लिहायचंय ते नंतरचं. गरोदरपणात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारा हार्मोन, भरपूर असतं तरी दूध उतरत नाही, कारण प्रोजेस्टेरॉन ते अडवून धरतं. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने घटतं आणि दोन ते चार दिवसांत चिकाच्या जागी दूध भरून येतं. त्याच दिवसांत इस्ट्रोजेन हा बाईच्या शरीरातला दुसरा मुख्य हार्मोनही कोसळतो. माझी वहिनी चौथ्या दिवशी दुपट्याची घडी नीट बसेना म्हणून हुंदके देऊन रडली होती, आणि रडता रडता स्वतःच म्हणत होती, "मला काही झालेलं नाहीये गं." बहुतेक बाळंतिणींना असं होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळाकडे बघूनही आत काहीच हलेना, बाळ झोपलं तरी तुला झोप येईना, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. साधारण सात-आठ जणींत एकीला होतं आणि उपचारांनी बरं होतं. काही जणींची थायरॉइडही याच वर्षात बिघडते आणि थकवा, उदासी सारखीच दिसते, तेव्हा तो तपासायचा आग्रह धर. आणि भलतेच आवाज ऐकू येऊ लागले, विचित्र संशय यायला लागले, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री हॉस्पिटल.

तीनेक महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळतील. ते येतात परत, शॅम्पूवर पैसे घालवू नकोस. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असंही धरून चालू नकोस. बीज पाळीच्या आधी सुटतं.

हे पत्र सुहासलाही वाचायला दे, निदान दुधापासून पुढचं. तेव्हा काही बिनसलं तर तुझ्या स्वतःच्या ते लक्षात येईलच असं नाही, आणि डॉक्टरांना फोन त्यालाच करावा लागेल.

तुझी,
सुनीता